हिन्ना गल्लीतली दारं

१

वसीलानं बत्तीस वर्षं परक्यांची दारं ठोठावली होती. ट्युनिसमधल्या सरकारी दवाखान्याची ती फिरती नर्स. खांद्याला लशींची पेटी अडकवून वस्त्या पालथ्या घालायच्या, बाळांना टोचायचं, बाळंतिणींना झापायचं, म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजायचा. दार उघडायच्या आधीच घर कसं आहे ते हिला वासावरून कळतं, असं तिचा नवरा सादोक म्हणे. वर असंही म्हणे, की निवृत्त झाली तरी सवय गेली नाही, फक्त टोचून घ्यायला आता मी एकटाच उरलोय.

दोघांनी ट्युनिसमधला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकला होता. लिफ्ट नव्हती आणि सादोकच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी नळी बसवलेली. शिवाय त्याचा थोरला भाऊ लमीन शेवटची दोन वर्षं त्याच फ्लॅटमध्ये काढून गेला होता. शेवटी शेवटी तो सगळंच विसरला, आणि तो गेल्यापासून सादोकला त्या भिंती नकोशा झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "एखाद्या लहान गावात जा, बैठं घर घ्या, भाजी लावा." म्हणून ऐन लौज. डोंगराच्या पायथ्याशी बदामाच्या बागांमध्ये वसलेलं, एका बाजारपेठेचं आणि दोन मशिदींचं गाव. सादोकच्या आईचं माहेर इकडचंच.

फ्लॅट महिनाअखेरीला रिकामा करून द्यायचा होता. हातात बारा दिवस होते. औषधाच्या दुकानावरची एक खोली त्यांनी आठवड्यासाठी भाड्यानं घेतली आणि वसीलानं वही-पेन काढलं.

"घर नाही बघायचं," तिनं बजावलं. "आधी वस्ती बघायची. घराला रंग देता येतो, शेजाऱ्याला देता येत नाही. आणि वस्ती तीनदा बघायची. सकाळी, दुपारच्या झोपेच्या वेळी, आणि दिवे लागायच्या आधी."

"लग्नाच्या वेळी मला एकदाच बघितलंस."

"म्हणूनच शहाणी झाले."

२

पहिल्या दिवशी त्यांनी टॅक्सीतळामागची वस्ती पाहिली. टॅक्सीवाले पहाटेपासून "बेजा, बेजा! ट्युनिस, ट्युनिस!" असं ओरडत होते. कॅफेत फुटबॉलवरून हातघाई चाललेली, आणि एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर दोन बायका एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. वसीलानं वहीत लिहिलं: 'गोंगाट. धूर. नको.' दुसऱ्या दिवशी उतारावरची नवी वसाहत. झाड एक नाही, अर्धवट घरांच्या छपरांतून लोखंडी सळया वर आलेल्या, पाव आणायला अर्धा तास चालायचं. 'नको.'

तिसऱ्या दिवशी हिन्ना गल्ली.

गल्लीत पाऊल टाकलं आणि सादोकनं एक लांब श्वास सोडला. चुन्यानं नुकत्याच रंगवलेल्या भिंती, खिळ्यांची नक्षी असलेली निळी दारं, दारांवर पंजाच्या आकाराच्या लोखंडी कड्या. फरशीवर पाणी शिंपडलेलं. कुठं कचरा नाही, कुणाचा आवाज चढलेला नाही. कोपऱ्यावर भट्टी, तिच्यापलीकडे किराणा. दारात बसलेली माणसं उठून सलाम करत होती.

वसीलाला वस्तीत खोट काढता आली नाही म्हणून ती जराशी चिडलीच. भट्टीसमोरच्या ओट्यावर ती बसली आणि नुसती बघत राहिली.

एक बाई बाजाराची पिशवी घेऊन आली. कमरेची किल्ली काढली, हातात धरली. मग दाराची कडी तीनदा वाजवली आणि थांबली. मान किंचित कललेली, जशी एखाद्याची चाहूल घेताना कलते. पंधरावीस आकड्यांचा वेळ गेला असेल. मग तिनं किल्ली लावली, दार उघडलं आणि आत गेली.

आत कुणी म्हातारं असेल, वसीलाला वाटलं. दचकू नये म्हणून वाजवत असेल.

मग एक माणूस आला. किल्ली काढली, तीनदा कडी वाजवली, थांबला, गेला. मग एक शाळेतली मुलगी दप्तर सावरत आली. कडी वाजवली, थांबली, गेली. तासाभरात वसीलानं नऊ दारं मोजली. नऊच्या नऊ जणांनी स्वतःच्या घरात शिरायच्या आधी कडी वाजवली होती. एकालाही आतून कुणी दार उघडलं नव्हतं.

"काय सुंदर रीत आहे," सादोक म्हणाला. "अदब आहे लोकांत. आपल्या मजल्यावर तर जिना चढताना शिव्याच कानावर यायच्या."

वसीलानंही मान हलवली. जुन्या घरांत पुरुष खोकून मगच आत शिरतात, बायकांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. तसलंच काहीतरी असणार. वहीत लिहायला तिनं पेन उघडलं, काय लिहावं सुचेना, आणि परत मिटलं.

३

दलालाचं नाव खमैस. साठीचा, लाल टोपी, पोट पुढं, जीभ त्याच्याही पुढं. गावातल्या प्रत्येक घराची कुंडली त्याला पाठ होती, आणि प्रत्येक पुरुषाला तो 'सी', म्हणजे साहेब, म्हणे.

"सी सादोक, हे घर बघाल तर ट्युनिस विसराल. तीन खोल्या, चौक, चौकात लिंबाचं झाड. बारमाही लिंबू! मादाम वसीला, तुम्ही नुसतं सरबत करत बसायचं."

"सरबत करायला मी इथं आले नाही. छप्पर गळतं का?"

"छप्पर? अल्ला! त्या छपरावर उंट नाचवा."

बोलत बोलत तो दारापाशी आला, खिशातून मोठी किल्ली काढली. आणि बोलणं मध्येच तोडून त्यानं कडी वाजवली. तीनदा. थांबला. टोपी काढून हातात घेतली.

वसीला त्याच्या अगदी मागं उभी होती. दाराच्या पलीकडे, फरशीवरून, सपातांचा आवाज झाला. सुर्र, सुर्र, सुर्र. कुणीतरी सावकाश, पाय न उचलता चालत आतल्या बाजूला गेलं. आवाज लांब गेला आणि थांबला.

खमैसनं टोपी घातली आणि किल्ली फिरवली.

"आत कोण आहे?" वसीलानं विचारलं.

"कोण असणार? तीन वर्षं बंद आहे घर."

"मग वाजवलंत कशाला?"

"सवय हो, मादाम." तो हसला, पण तिच्याकडे न बघता. "या गल्लीत हात आपोआपच जातो."

घर खरंच देखणं होतं. चौक लख्ख, लिंबाखाली दगडी ओटा, तिन्ही बाजूंना खोल्या, आणि मागच्या खोलीला दार नव्हतं, लाकडी मण्यांचा पडदा होता. तीन वर्षं बंद असलेल्या घरात धुळीचा, पालीचा, कुबट पाण्याचा वास यायला हवा. वसीलानं नाक वर केलं. घराला वास होता तो राहत्या घराचा. नुकताच कुणी कांदा परतला असावा, असा.

मण्यांचा पडदा हलत होता. वाऱ्यानं हलतो तसा सगळा नाही. मधल्या चार सरी फक्त.

"वारा छान येतो," सादोक म्हणाला. त्याचे डोळे लिंबावर होते, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं. वसीलानं ते पाहिलं आणि तोंडावर आलेला प्रश्न गिळला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच गल्लीत गेली. लिंबाच्या घराला लागून खालती मन्नूबियाचं घर. खालती म्हणजे मावशी, सगळी गल्ली तिला तसंच हाक मारी. ऐंशीच्या घरातली, मूल नाही बाळ नाही, अकरा वर्षांपूर्वी नवरा गेलेला. भट्टीवरून ती पाव घेऊन निघाली होती. वसीलानं तिची टोपली घेतली आणि तिला घरापर्यंत सोडायला गेली.

म्हातारीनं कडी वाजवली. तीनदा. वाट बघू लागली.

"खालती, तुम्ही तर एकट्या राहता ना?"

"हो गं पोरी."

"मग कुणासाठी वाजवता?"

मन्नूबियानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू तिनं 'जेवता कशाला' असं विचारलं असावं. "अगं, न सांगता आत शिरलेलं तुला तरी आवडेल का? सावरायला वेळ नको?"

"कुणाला?"

"चल, झालं आता," म्हातारी म्हणाली आणि किल्ली लावली. "चहा घेशील? पुदिना घालते."

वसीलानं चहा घेतला. अंगण झाडलेलं, तुळतुळीत. इथंही मागच्या खोलीला मण्यांचा पडदा. मन्नूबियानं तीन पेले मांडले, दोन भरले, आणि तिसरा भरून पडद्याजवळच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. अगदी सहज, आपण मांजरीला दूध ठेवतो तसं. मग सुनेच्या वयाच्या बाईशी बोलावं तशी गुडघ्यांविषयी, साखरेविषयी, जावयांविषयी बोलत राहिली, तिला जावई नसले तरी.

निघताना वसीलानं कोनाड्याकडे पाहिलं. चहा तसाच होता. तिला इतकं हायसं वाटलं, की ती स्वतःवरच हसली. बत्तीस वर्षं नोकरी केली मी, म्हाताऱ्या एकट्या बायांचे काय काय चाळे बघितले! कुणी मेलेल्या नवऱ्याचं ताट वाढतं, कुणी रेडिओशी भांडतं. एकीनं सुरू केलं असेल, बाकीच्यांनी उचललं. गावच्या रीती अशाच पडतात.

दार ओढून घ्यायला ती वळली, आणि तिला आतून, पडद्याच्या बाजूनं, फुंकर ऐकू आली. गरम चहावर घालतात तशी.

५

"मला त्या घरात एक दुपार काढायचीय," तिनं खमैसला सांगितलं. "विकत घेण्याआधी. नुसतं बसायचं."

"बसा की. मी किल्ली देतो." त्यानं किल्ली दिली, मग हात मागं घेतल्यासारखा केला. "सी सादोक, एवढंच सांगतो. बाहेरून आलात की वाजवा. किल्ली हातात असली तरी."

"आणि नाही वाजवलं तर?" वसीला म्हणाली.

"मादाम, तीस वर्षं या गावात दलाली करतोय. न वाजवता आत शिरलेला अजून भेटला नाही. मग मी कसं सांगणार?"

दुपारी दोनला ते आत शिरले. सादोकनं हसत हसत कडी वाजवली आणि खमैससारखी टोपी काढल्याचं सोंग केलं. वसीलानं कान दिला. काही नाही.

तिनं चटई आणली होती, थर्मासमध्ये कॉफी, उकडलेली अंडी, टोमॅटो. ऊन पांढरंधोप होतं, पण लिंबाखाली गारवा. गल्ली झोपली होती. गाव झोपलं होतं. सादोक ओट्यावर टेकून म्हणाला, "इथं मरायला हरकत नाही."

"आधी राहून तरी बघ."

"वसीला, खरं सांग. आवडलं ना तुला?"

त्याच्या आवाजात इतकं आर्जव होतं, की तिनं "हो" म्हटलं. तिला वाटलं, माझ्या एका भुणभुणीपायी या माणसाचं सुख कशाला मोडू? डॉक्टरांनी सांगितलंय, मन शांत हवं.

थोड्या वेळानं सादोकनं मान वर केली. "काय म्हणालीस?"

"मी? काहीच नाही."

"आत्ता काहीतरी म्हणालीस तू."

"नाही रे. झोप लागली असेल तुला."

सादोकनं नजर वळवली आणि तो एकदम उठला. "पाव आणायला विसरलो आपण. भट्टीवरून घेऊन येतो."

"एवढ्या उन्हात?"

"चार पावलांवर तर आहे."

किल्ली तिच्याजवळ ठेवून तो गेला. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. आणि घर, जे इतका वेळ नुसतं घर होतं, ते कान टवकारल्यासारखं झालं.

६

आपण बघायला आलोय तर बघून घ्यावं, असं स्वतःला बजावत वसीला उठली. छप्पर राहिलं होतं. चौकाच्या कडेच्या उघड्या जिन्यानं ती गच्चीवर गेली. भेगा नव्हत्या. पाण्याची टाकी बरी होती. कठड्याशी उभं राहिलं की एका बाजूला गल्ली दिसे, आणि उरलेल्या बाजूंना, उघड्या पेटाऱ्यांसारखे, सगळ्या घरांचे चौक.

तीन वाजले असावेत. गल्लीत माणसं परतू लागली होती. शेताकडून एक, किराण्याकडून दोघी. पहिल्यानं कडी वाजवली. ठक, ठक, ठक. वसीलाचं लक्ष सहज त्याच्या चौकाकडे गेलं. चौकात कुणी नव्हतं. पण मागच्या खोलीच्या पडद्याच्या मधल्या सरी जोरात हलल्या आणि हळूहळू थांबल्या. मग तो माणूस आत आला, रिकाम्या चौकातून चालत गेला, हात धुऊ लागला.

दुसरी कडी. दुसरा चौक. वाळत घातलेल्या चादरीमागं काहीतरी होतं ते आता तिथं नव्हतं, आणि पडदा हलत होता.

तिसरी कडी. या वेळी ती आधीपासूनच बघत होती. चौकातल्या नळाचं पाणी चालू होतं, ते बंद झालं. फरशीवर ओली पावलं उमटत गेली की आधीच उमटलेली होती, इतक्या लांबून तिला सांगता आलं नसतं. पडदा हलला.

तिनं कठडा धरला. वारा असेल. दार वाजलं की हवा दबते, पडदे हलतात. हो, असंच असणार. हे ती स्वतःशी पुटपुटत असतानाच खाली, तिच्याच दारावर, कडी वाजली.

ठक. ठक. ठक.

ती गल्लीच्या बाजूला वाकली. सादोक होता. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव, दुसरा कपाळावर, डोक्याला ऊन लागू नये म्हणून. हाक मारायला तिनं तोंड उघडलं. पण मागं चौकात, लिंबाखाली, काहीतरी हललं, आणि ती वळली.

कुणीतरी ओट्यावरून उठलं होतं. तिला पाठ दिसली, तीही पानांतून तुकड्यातुकड्यानं. राखाडी सदरा, मानेवर वाढलेले केस. घाई नव्हती. पाहुणे यायचे म्हणून उठून आत जावं तसं ते चाललं होतं, सपाता घासत, डावा खांदा पाडून, दर दोन पावलांनी हात कमरेवर ठेवत. ती चाल वसीलानं अडतीस वर्षं पाहिली होती. फ्लॅटच्या बोळात, बाजारात, दवाखान्याच्या पॅसेजमध्ये. ती चाल आत्ता दाराबाहेर पाव घेऊन उभी होती.

पडद्यापाशी ते थांबलं. मागं वळून बघणार, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटले. मणी खुळखुळले.

७

जिना तिनं कसा उतरला ते तिला आठवत नाही. चौक ओलांडावाच लागणार होता. पडद्याकडे न बघता ती ओट्याजवळून गेली, आणि जन्मभराच्या सवयीनं तिचा हात, ताप बघावा तसा, दगडाला लागला. सावलीतला दगड. उबदार होता. त्यांची चटई चार हात पलीकडे होती.

तिनं दार उघडलं. सादोक उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. चेहरा चुन्यासारखा.

"ऊन फार आहे," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली.

तो आत आला नाही. तिनं ये म्हटलं नाही.

"घर दमट वाटतं," वसीला म्हणाली. बाहेर फुफाटा उडत होता.

"फार दमट," सादोक म्हणाला. "माझ्या छातीला नाही मानवणार."

"मग जाऊ या?"

"चल."

चटई, थर्मास, अंडी, सगळं आत राहिलं. दोघांपैकी कुणीही त्याचं नाव काढलं नाही. सादोकनं दार ओढलं, तिनं किल्ली फिरवली. पाचसहा पावलं गेले असतील, तोच मागून आवाज आला. आतला अडसर, लाकडी, जड, सावकाश सरकला आणि बसला.

"संध्याकाळी काय खायचं?" वसीलानं जरा मोठ्यानंच विचारलं.

"लबलाबी!" सादोकही मोठ्यानं म्हणाला. "तळाशेजारी मिळते, मी पाहिलंय!"

खमैसला त्यांनी वाटेत गाठलं. "नाही घेत," वसीला म्हणाली, आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. एवढा बोलका माणूस. तिला वाटलं आता आळवणी करेल. त्यानं दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, किल्ली खिशात टाकली. "एकत्र बाहेर पडलात ना?" एवढंच विचारलं.

"हो."

"मग ठीक," तो म्हणाला.

८

टॅक्सीतळाशेजारच्या खानावळीत तीन बाकं होती आणि तीसेक माणसं. टीव्ही बोंबलत होता. मालक मोठ्या पातेल्यातून चणे काढून, कुस्करलेल्या पावावर ओतत, प्रत्येकाला खेकसून विचारत होता, "अंडं? हरिसा? जिरं?" बाहेर कुणीतरी गाडीच्या हॉर्नवर हात ठेवून तो उचलायलाच विसरला होता. वसीलाला वाटलं, या हॉर्नवाल्याला आपण जाऊन मिठी मारावी.

वाडगे आले. सादोकनं चमचा उचलला नाही.

"वसीला, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस आणि रडू नकोस."

"काय?"

"लमीनला जे झालं होतं, ते मला सुरू झालंय."

तिचा चमचा वाडग्यात पडला.

"सकाळपासून सांगायचं होतं. नाही, दुपारपासून. ओट्यावर बसलो होतो तेव्हा तू माझ्या कानाशी म्हणालीस, 'दमलास का रे?' तू म्हणालीस की नाही बोलले. मला वाटलं, झोप. मग पाव घेऊन आलो. कडी वाजवली. दाराच्या अगदी मागून तू म्हणालीस, 'थांब, आले.' तुझाच आवाज. तू 'आले' म्हणताना जसं ओढतेस तसं. मी म्हटलं, सावकाश ये. आणि वर बघितलं..." त्यानं वाडगा बाजूला सारला. "तर तू गच्चीवर होतीस. पाठमोरी. आणि आतून तू परत म्हणालीस, 'आले, आले.' लमीनचं असंच सुरू झालं होतं. त्याला आई स्वयंपाकघरातून हाका मारायची, आठवतं? मला तुला सांगायचा धीर होईना. तुला ते घर इतकं आवडलेलं."

"मला?"

"'हो' म्हणालीस ना."

"तुझ्यासाठी म्हणाले मी, मूर्ख माणसा!" ती इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्या बाकावरच्यांनी माना वळवल्या. मग ती टेबलावर वाकली आणि भरभर सगळं सांगून टाकलं. सपातांचा आवाज, फुंकर, पडदे, कोमट दगड. आणि पाठ. ती पाठ कुणाची होती तेही. आपण याच्या हृदयाला जपायला हवं होतं, हे अर्ध्यात तिच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

सादोक ऐकत होता. त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"म्हणजे तूही पाहिलंस?"

"हो."

"शपथ घे."

"पावाची शपथ."

"म्हणजे ते खरंच होतं. त्या घरातच होतं. माझ्या डोक्यात नव्हतं."

"नव्हतं."

सादोक मागं टेकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि वसीलाला कळायला एक क्षण लागला की तो हसतोय. पोट धरून, खांदे हलवत, छपाईखान्यात नोकरीला होता तेव्हा हसायचा तसा. "अल्हम्दुलिल्लाह!" तो म्हणाला. "घर झपाटलेलं आहे! वसीला, घरच झपाटलेलं आहे, माझं डोकं शाबूत आहे!"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! ए भाऊ," त्यानं मालकाला हाक मारली, "इकडे आणखी एक वाडगा. दोन अंडी!"

डॉक्टरांनी आठवड्याला एक अंडं सांगितलं होतं. वसीलानं स्वतःच्याही वाडग्यात हरिसा, ती लाल मिरचीची चटणी, ओतला आणि खायला सुरुवात केली.

९

वहीतला 'नको' खोडून त्यांनी टॅक्सीतळामागंच घर घेतलं. दोन खोल्या, डाळिंबाचं एक किरटं झाड, आणि उजव्या हाताला गच्चीवरून भांडणाऱ्या त्या दोघींपैकी एक. पहिल्याच आठवड्यात ती न विचारता आत आली, वसीलाच्या हातची चव घेतली, मीठ कमी म्हणाली आणि परातभर कुसकुस ठेवून गेली. सादोकनं मिरच्या लावल्या. ट्युनिसला जाऊन डोकं तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाच्या मानानं जरा जास्तच तल्लख आहे.

हिन्ना गल्लीकडे ते पुन्हा गेले नाहीत. पण गाव लहान. ऑगस्टच्या एका आठवडी बाजारात मन्नूबियानं वसीलाला गाठलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तिचे हात हातात धरून ठेवले.

"बरं झालं हो राहायला आलात," म्हातारी म्हणाली. "तीन वर्षं भिंतीपलीकडे आवाज नव्हता, करमायचं नाही मला. आता कसं भरल्यासारखं वाटतं."

"खालती, आम्ही तिथं नाही राहत. आम्ही तळामागं राहतो."

"हो, हो, तेही आहेच," मन्नूबिया म्हणाली, समजूत घालावी तशी. "पण मी रोज ऐकते ना. सकाळी तुझा नवरा खोकतो, तू त्याला कॉफी देतेस. हळू बोलता अगदी. इतक्या वर्षांत असं जोडपं नाही बघितलं गं. एकदासुद्धा तुमचा आवाज चढत नाही. एक वाकडा शब्द नाही."

बाजार भोवती कल्लोळत होता. इतक्यात मागून वसीलाच्या खांद्यावर ओलसर, जड असं काहीतरी आदळलं.

"हे बघ!" सादोक म्हणाला. छातीशी भलंमोठं कलिंगड. "अर्ध्या भावात!"

वसीलानं वळून कलिंगडावर टिचकी मारली. भद्द आवाज आला. "हे पिकून सडलंय."

"सडलंय? माळी स्वतः म्हणाला—"

"माळ्यानं तुझं तोंड बघितलं आणि म्हणाला! अडतीस वर्षं झाली, एक कलिंगड धड आणलं नाहीस!"

"आणि तू एका कलिंगडाला धड म्हणाली नाहीस!"

मन्नूबिया चकित होऊन एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. वसीलानं तिचा हात हळूच सोडवला, नवऱ्याचा दंड घट्ट, अगदी घट्ट पकडला, आणि दोघं भर बाजारातून, तळावरून, कॅफेसमोरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात भांडत घरी गेले.